कार्बन कर आणि उत्सर्जन व्यापार: भाव बांधायचा की टन?

निवडणुका आल्या की पक्षांच्या ऊर्जा आणि पर्यावरण धोरणांची तुलना करणारे तक्ते फिरू लागतात. त्यात एक रकाना असतो, 'कार्बनवर पैसे', आणि त्याखाली हो किंवा नाही. कर आणि उत्सर्जन व्यापार या दोन वेगळ्या गोष्टी त्या एका 'हो'मध्ये कोंबलेल्या असतात. जे थोडं जास्त वाचतात ते सांगतात की कर डाव्यांचा आणि बाजार उजव्यांचा. दोन्ही चूक आहे, आणि वर्षानुवर्षं हेच वाचून मी आता कंटाळलो आहे.

कर सगळ्यांना कळतो, त्यावर फार बोलायला नको. सरकार म्हणतं, कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक टनामागे इतके पैसे भरा. फिनलंडने १९९०मध्ये तो लावला, स्वीडनने १९९१मध्ये.

उत्सर्जन व्यापारात सरकार भाव सांगतच नाही. यंदा सगळ्यांनी मिळून अमुक इतके टनच सोडायचे, एवढं ठरवतं आणि तेवढेच परवाने काढतं. काही फुकट वाटतं, काहींचा लिलाव करतं. ज्याला कमी लागतात तो विकतो, ज्याला जास्त लागतात तो घेतो. भाव त्या खरेदी-विक्रीतून निघतो.

पैसे कोण गोळा करतं, कागदपत्रं किती, कुठले उद्योग धरले आहेत, हे फरक किरकोळ आहेत. खरा फरक एकच: करात भाव बांधलेला आणि टन मोकळे, व्यापारात टन बांधलेले आणि भाव मोकळा. हे वाक्य पाठ असलेली माणसंही पुढच्याच परिच्छेदात चुकतात, कारण त्याचा परिणाम कुठवर जातो हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

सिमेंटचा कारखाना घ्या. भट्टीत चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, क्लिंकरच्या (सिमेंट दळण्याआधी भट्टीतून निघणाऱ्या खड्यांच्या) टनामागे साधारण अर्धा टन. इंधन बदललं तरी तो सुटणारच. आता मंदी आली, बांधकामं थांबली, भट्टी निम्मी चालू लागली. कर असेल तर टनाचा दर तोच राहतो आणि जे उत्सर्जन घटलं ते घटलंच. व्यापार असेल तर कारखान्याकडे परवाने उरतात. तो ते विकायला काढतो. सगळ्यांकडेच उरलेले असतात, म्हणून भाव पडतो, आणि एखादी वीजकंपनी ते स्वस्तात उचलून कोळशाचा जुना संच आणखी काही वर्षं चालवते. युरोपात हेच झालं. तिथला बाजार २००५मध्ये सुरू झाला, २००८च्या मंदीनंतर परवाने उरत गेले आणि २०१३मध्ये टनाचा भाव ३ युरोच्याही खाली गेला. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच बाजारात भावाने १०० युरो ओलांडले. कर असता तर भावाची अशी चढउतार झालीच नसती.

मंदीने जे होतं तेच सरकारच्या चांगल्या योजनेनेही होतं, आणि जाहीरनामे वाचताना हमखास पाय घसरतो तो इथेच. एखादा पक्ष लिहितो: उत्सर्जनावर कमाल मर्यादा घालू, शिवाय कोळशाचे दहा संच बंद करू. वाचणारा दोन्हींची बेरीज करतो. पण मर्यादा आधीच ठरलेली असेल तर बंद संचांचे परवाने बाजारात मोकळे होतात आणि दुसरं कोणीतरी ते वापरतं. धूर एका चिमणीतून दुसऱ्या चिमणीत जातो, एकूण टन तेवढेच. कर असेल तर बेरीज खरी ठरते. व्यापारात ती खरी करायची तर तेवढे परवाने रद्द करावे लागतात. जर्मनीने २०२०मध्ये कोळसा बंद करण्याचा कायदा केला तेव्हा परवाने रद्द करण्याची तरतूद त्यासाठीच ठेवली. युरोपने २०१९पासून जादा परवाने बाजूला काढणारा राखीव साठा चालू केला आहे, त्यामुळे तिथली ही गळती आता पूर्वीइतकी नाही. तरीही कुठल्याही पक्षाचं असं दुहेरी आश्वासन दिसलं की मी आधी 'परवाने रद्द' हे शब्द शोधतो. बहुतेक वेळा ते नसतात.

आता डावं-उजवं. आम्लपावसाला कारण होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा परवाना-बाजार अमेरिकेत १९९०च्या कायद्याने आला, आणि त्यावर सही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांची. २००८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅकेन आणि डेमोक्रॅट ओबामा दोघेही कार्बनसाठी असाच बाजार मागत होते. वर्षभरात चित्र पालटलं. २००९मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अशा बाजाराचं विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं, रिपब्लिकनांनी त्याला करच म्हणून झोडलं आणि सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोहोचलंच नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उलट घडलं. तिथे २००८मध्ये कार्बन कर आणला तो उजवीकडे झुकलेल्या सरकारने, टनाला १० डॉलरपासून, आणि मिळालेला पैसा इतर करांत सूट म्हणून परत देऊन. 'कर हटवा' म्हणत २००९च्या निवडणुकीत उतरला तो डावा पक्ष.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. पंतप्रधान गिलार्ड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारची योजना मुळात व्यापाराची होती. फक्त पहिली तीन वर्षं भाव बांधलेला, जुलै २०१२पासून टनाला २३ डॉलर, आणि मग बाजार. पण बांधलेला भाव लोकांना कर वाटला आणि तो तसा वाटणं चूकही नव्हतं. 'माझ्या सरकारात कार्बन कर येणार नाही' हे गिलार्ड यांचं २०१०चं आश्वासन विरोधकांनी त्यांच्यावरच उलटवलं. विरोधी पक्षनेते ॲबट सत्तेवर आले आणि जुलै २०१४मध्ये योजना रद्द झाली. भाव मोकळा होण्याची वेळच आली नाही.

माझं मत विचाराल तर मला मर्यादा आवडते, कारण हवेला टन कळतात, पैसे कळत नाहीत. पण परवाने लिलावाने द्यावेत आणि भावाला खालून आधार असावा. ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांच्या नेतृत्वाखालच्या सरकारने २०१३मध्ये नेमकं हेच केलं: युरोपच्या बाजारभावावर वीजनिर्मितीसाठी वेगळा अधिभार चढवला. २०१२मध्ये तिथली साधारण ४० टक्के वीज कोळशावर होती. कोळशाचं शेवटचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ला बंद झालं. श्रेय एकट्या अधिभाराचं नाही, पण कोळसा महाग करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

भारताबद्दल बोलताना घोळ आणखी वाढतो, कारण इथे सगळ्याला 'कार्बन क्रेडिट' म्हणायची सवय लागली आहे. कोळशावरचा उपकर हा कराच्या जातीचा. २०१०मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने तो टनाला ५० रुपये लावला, भाजपप्रणीत सरकारने २०१६पर्यंत ४००वर नेला, आणि २०१७मध्ये तो जीएसटीच्या भरपाई उपकरात विरून गेला. २०२३ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना मात्र वरच्या दोन्हींत बसत नाही. नाव व्यापाराचं, पण बांधलेले आहेत ते मालाच्या एका टनामागचं उत्सर्जन किती याचे आकडे. कारखान्याचं उत्पादन दुप्पट झालं आणि दर टनामागचं उत्सर्जन पाव हिश्शाने घटलं, तर एकूण धूर दीडपट होतो, आणि तरीही त्या कारखान्याला विकण्याजोगी क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिल्याबद्दलची प्रमाणपत्रं, मिळू शकतात.