गोधडी शिवली ती यीस्टने

‘माणसाने प्रयोगशाळेत जीव निर्माण केला’ असा निरोप परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग. बातमी मुळात मे २०१० ची. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने तेव्हा पत्रकार परिषद घेतली. संगणक हाच ज्याचा पालक असा हा पहिला जीव, असं व्हेंटर यांनीच सांगितलं. मग मथळे तसे आले, तर वार्ताहरांना किती दोष द्यायचा?

मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस हा शेळ्यांना आजारी पाडणारा जिवाणू. त्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे १०.८ लाख अक्षरांचा. ही अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. संगणकावर त्यात थोडे फेरफार केले. पण एवढा लांब डीएनए रसायनांपासून सलग बनवता येत नाही, म्हणून १,०८० अक्षरांचे १,०७८ तुकडे करून घेतले. प्रत्येक तुकड्याची शेवटची ८० अक्षरं आणि पुढच्याची पहिली ८० एकसारखी.

हे तुकडे जोडले कोणी? पाव फुगवणाऱ्या यीस्टने! डीएनए दोन साखळ्यांचा असतो. यीस्टचा डीएनए तुटला की त्याची विकरं (एन्झाइम) टोकाची एक साखळी कुरतडतात. उघडी पडलेली दुसरी साखळी आपल्या जोडीची अक्षरं शोधते: ए ला टी, जी ला सी. जुळली की फट भरायची आणि टाका मारायचा. याला म्हणतात होमोलॉगस रिकॉम्बिनेशन; तुकड्यांची ती एकसारखी ८० अक्षरं इथे कामी आली. यीस्टने आधी जोडून दहा हजार अक्षरांचे १०९ तुकडे बनवले, त्यांतून लाखाचे ११ आणि शेवटी अख्खा जीनोम. मथळ्यांत यीस्ट कुठेच नव्हतं.

मध्ये एकच अक्षर गळालं, तेही डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या डीएनएए (dnaA) या जनुकातलं. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. ‘कमल गगन सदन’ मधला म गाळा, उरतं ‘कलग गनस दन’. तसाच जनुकाचा अर्थ बिघडला, जीनोम चालेना आणि कित्येक आठवडे वाया गेले.

तयार जीनोम मग मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम या भाऊबंदाच्या जिवंत पेशीत घातला. पेशीचं आवरण, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, प्रथिनं सगळी आयती. घर जुनंच, कारभारी नवा. याला शून्यातून जीवनिर्मिती म्हणणारे आणि पैसे घेऊन ‘डीएनए जागृत’ करून देणारे, दोघांनाही यीस्टसमोर बसवायला हवं.

त्या जीनोममध्ये संशोधकांनी चार खुणा सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या होत्या. त्यांत त्यांची नावं होती आणि एक ईमेल पत्ताही: उलगडा होईल त्याने त्यावर कळवावं. मथळ्याच्या जागी ते कोडं छापलं असतं, तर निदान शाळेतल्या पोरांनी पेन्सिल तरी हातात घेतली असती.