‘मतं वैयक्तिक’ : पत्रकारांच्या भिंतीवरच्या स्फुटांची पार्श्वभूमी

मराठी पत्रकारांच्या फेसबुक किंवा ट्विटर (आताचं एक्स) खात्यावर नावाखाली बऱ्याचदा एक ओळ दिसते : ‘मतं वैयक्तिक’. त्याखाली दिवसभराची स्फुटं. पत्रकार परिषद तासभर उशिरा सुरू झाली. सूत्रांनी सकाळी दिलेली बातमी सूत्रांनीच दुपारी फेटाळली. लोकलमध्ये शेजारच्याने आपलीच बातमी उघडली, मथळा वाचला आणि पान उलटलं. चार-सहा ओळी, सूर तिरकस, शेवटी उपदेश नाही. सोशल मीडियाने हा प्रकार जन्माला घातला असा समज आहे, पण ही रीत मराठी वृत्तपत्राच्या घरातच वाढलेली आहे. ती घराबाहेर कशी आली आणि बाहेर येताना तिच्या डोक्यावरचं छप्पर कसं गेलं, हे सांगण्यासाठी हे टिपण.

एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांमध्ये अग्रलेखाच्या सोबतीने ‘स्फुट सूचना’ येत. त्याखाली लेखकाचं नाव नसे. वाचक ते मत त्या पत्राचंच समजे आणि सरकारही तसंच समजे. याचा सर्वांत कडक दाखला १८९७ चा. पुण्याच्या ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात एक कविता आली. शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा पाहतात आणि बोलतात, अशी तिची कल्पना. खाली कवीच्या नावाऐवजी भवानी तलवारीची खूण होती. राजद्रोहाच्या खटल्यात पुढे आलेल्या मजकुरात ही कविता होती. कवी कोण, याच्याशी न्यायालयाला फारसं कर्तव्य नव्हतं. मुद्रक सुटला आणि संपादकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढची सगळी वर्षं मी ह्या खटल्यापासून मोजतो, कारण मजकूर प्रसिद्ध करणारा जबाबदार हे तत्त्व तिथे एका माणसाने स्वतःच्या अंगावर झेललं.

कायद्याची चौकट त्याआधीच तयार होती. १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स (पीआरबी) कायद्याने अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं, १९२२ च्या दुरुस्तीने त्यात संपादकाचीही भर पडली. मार्च २०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण तोवरच्या कुठल्याही दैनिकाचं शेवटचं पान तळापर्यंत वाचा. जाहिरातीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता आणि संपादकाच्या नावापुढे कंसात ‘पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’ असा मजकूर सापडेल. डेस्कवर आम्ही त्याला नुसतं ‘प्रिंटलाइन’ म्हणायचो. पान लावताना ती चुकून कापली गेली तर रात्रपाळीच्या उपसंपादकाची खैर नसे.

आता छापील अंकांतल्या दुसऱ्या एका ओळीकडे येऊ. ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ साप्ताहिकांत, दिवाळी अंकांत, वाचकांच्या पत्रव्यवहारात ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. ‘मतं वैयक्तिक’ हे तिचंच आजचं रूप, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे मान्य नाही आणि वादाचं मूळ इथेच आहे. जुनी ओळ संपादकाच्या तोंडची होती. मला हे पटलेलं नाही, तरी मी हे छापतो आहे, असं तो सांगत होता. ती ओळ छापल्याने प्रिंटलाइनवरचं त्याचं नाव पुसलं जात नव्हतं. खटला झाला तर तो त्याच्यावरही होणार होता. तिच्यात न पटणाऱ्या लेखकालाही जागा देण्याचा मोठेपणा होता. नवी ओळ लेखकाच्या तोंडची आहे. माझी संस्था ह्यात नाही, असं तो सांगतो. अनेक ठिकाणी त्याने ती स्वखुशीने लिहिलेली नसते. ‘बायोत टाकून ठेवा’ असं त्याला सांगितलेलं असतं. दोन्ही वाक्यांत ‘मत’ हा शब्द आहे, एवढंच काय ते साम्य.

शिवाय ‘वैयक्तिक’ म्हणजे नेमकं काय, हेही कोणी ठरवलेलं नाही. बीटवर, म्हणजे बातम्यांसाठी नेमून दिलेल्या क्षेत्रात, फिरताना दिसलेला प्रसंग वैयक्तिक कसा? तो कामाच्या वेळेत, कामाच्या ओळखपत्रावर दिसलेला आहे. पाणीकपातीबद्दल घरातल्या बादल्यांवर लिहिलं तर ते घरगुती. तेच महापालिका बीटच्या वार्ताहराने लिहिलं तर वाचक त्यात आतली खबर शोधतो. ही सरमिसळ स्फुटाच्या जातीतच आहे. छापील सदरात ती खपून जाई, कारण तिथे टोपणनाव असे आणि टोपणनावामागे संपादक उभा असे.

स्फुटांचं छापील पानावरून इंटरनेटवर स्थलांतर कसं झालं, ते मी जवळून पाहिलं आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉग फुलू लागले, तेव्हा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बहुतेक टायपिंग युनिकोडबाहेरच्या फॉन्टांत चालत असे. कचेरीत लिहिलेला परिच्छेद इंटरनेटवर चिकटवला की त्याची चिन्हांची रांगोळी होई. त्यामुळे ब्लॉग लिहिणारा वार्ताहर घरी जाऊन, रात्री, वेगळ्या कीबोर्डवर सगळं पुन्हा लिहायचा. स्मार्टफोनवर देवनागरी आली आणि हा अडसर गेला. बातमीची कॉपी फाइल करून झाल्यावर परतीच्या गाडीतच उरलेलं लिहून होऊ लागलं.

मराठी स्फुट ट्विटरपेक्षा फेसबुकवर जास्त रुजलं, याचं एक कारण मला लिपीत दिसतं. ट्विटरची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत १४० चिन्हांची होती. मोजताना प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला अदृश्य हलन्तसुद्धा स्वतंत्र धरला जातो. ‘मुख्यमंत्री’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. यंत्र तो अकरा चिन्हांचा मोजतं. दोनदा मुख्यमंत्री आले की बावीस चिन्हं खर्ची पडली, मग तिरकसपणाला जागा कुठून आणायची? फेसबुकवर अशी तंगी नव्हती. तिथे वृत्तपत्रातल्या जुन्या चौकटीएवढा मजकूर आरामात मावला आणि खाली वाचकांची दादही लगेच येऊ लागली. छापील सदराला हे सुख नव्हतं. पत्र यायला आठवडा लागे.

धोक्याची पहिली मोठी घंटा मात्र पत्रकारांमुळे वाजली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका बड्या नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली आणि दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ होतं. त्रास देणारा, गैरसोय करणारा मजकूर, अशी त्याची भाषा आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्रासाची व्याख्या कुठेच नव्हती. स्फुटाचं तर कामच थोडं टोचण्याचं, तेव्हा हे कलम त्याच्या मुळावरच येत होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. मधल्या त्या सुमारे सव्वादोन वर्षांत पोस्ट टाकण्याआधी मित्राला फोनवर वाचून दाखवणारे सहकारी मला आठवतात. कायदा गेला, पण ती सवय काहींना कायमची लागली.

याच मधल्या काळात, ऑगस्ट २०१४ मध्ये, देशातल्या एका मोठ्या वृत्तसमूहाचं सोशल मीडिया धोरण चर्चेत आलं. पत्रकारांनी वैयक्तिक खात्यावर बातम्या टाकू नयेत, कामाचं खातं वेगळं ठेवावं आणि त्यावर संस्थेचा ताबा असावा, असा त्याचा रोख होता. टीका झाल्यावर अटी काहीशा सैल झाल्या. समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. बातमी आधी ट्विटरवर फुटली तर पेपराने काय छापायचं, हा प्रश्न खराच आहे. वार्ताहराच्या जाहीर शेऱ्यांमुळे त्याच्या बातमीच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली जाते, हेही खरं. पण त्यातून पडलेली विभागणी मला आजही अन्यायाची वाटते. खात्याचे वाचक, त्यांचा विश्वास, तिथून पेपराच्या संकेतस्थळावर येणारी वर्दळ, यावर संस्था हक्क सांगते. त्याच खात्यावरच्या ओळींची जबाबदारी मात्र ‘वैयक्तिक’ राहते.

अगदी अलीकडे पुन्हा मुंबईच महत्त्वाची ठरली. एप्रिल २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारला स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवणारा सत्यशोधन कक्ष नेमता येणार होता. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान देणाऱ्यांत एक व्यंगकार होता. व्यंगाला ‘दिशाभूल’ ठरवलं तर उत्तर काय द्यायचं, हा त्याचा प्रश्न स्फुट लिहिणाऱ्या प्रत्येकाचा होता. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती तरतूद रद्द झाली. मानहानीचं कलम जिथल्या तिथे आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने नांदतं, आणि ‘मतं वैयक्तिक’ लिहिल्याने त्यातून सुटका होत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामावर बातमी दिली. पावसाळ्याआधी डांबर पडलं आणि पहिल्या आठवड्यात उखडलं. बातमी ‘प्रतिनिधी’ या नावाने छापून आली. त्याच संध्याकाळी त्याने त्याच खड्ड्यावर फेसबुकवर पाच ओळी लिहिल्या. खड्ड्यात साचलेल्या पाण्यात शाळेतली मुलं होड्या सोडत होती, त्याबद्दल. कंत्राटदाराच्या वकिलाच्या दोन नोटिसा आल्या, मजकूर जवळपास सारखाच. पहिली कचेरीत आली आणि तिला पेपराच्या वकिलांनी उत्तर दिलं. दुसरी त्याच्या घरच्या पत्त्यावर आली. ती घेऊन तो विधी विभागात गेला, तेव्हा हा मजकूर आपल्या अंकात प्रसिद्ध झालेला नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ओळखीतला वकील गाठायला दुपारच्या गाडीने गेला.