आतून कडी नसलेले दार

कोल्हापूरच्या पेठांमधील जुन्या शाळांत शेवटची घंटा झाली, की शिपाई एकेका वर्गाला बाहेरून कडी-कोयंडा घालत जातो. आतली कडी बहुधा नसते, असली तरी गंजलेली असते, कारण मुलांनी स्वतःला कोंडून घेऊ नये हीच आजवरची काळजी. शाळेत बंदूकधारी शिरल्यास काय करावे, या विचाराचा इतिहास मात्र बराचसा या कडीभोवतीच फिरतो.

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. शाळेला वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहायची, ही तेव्हाची पोलिसांची रीत होती; तेवढ्या वेळात जखमी शिक्षक आतच रक्तस्रावाने गेले. त्यानंतर पहिल्यांदा पोहोचणाऱ्या पोलिसांनीच आत शिरावे, असे प्रशिक्षण सुरू झाले. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० बालके आणि ६ प्रौढ मारले गेल्यावर सल्लागार आयोगाने वर्गाला आतून कुलूप लावता आलेच पाहिजे असे सांगितले, तर शल्यचिकित्सकांनी रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण सामान्य माणसापर्यंत नेले. इतके होऊनही २०२२ मध्ये युवाल्डी येथे पोलीस ७७ मिनिटे थांबून राहिले आणि १९ मुले व २ शिक्षिका दगावल्या. तिथल्या एका वर्गाचे कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत आधीपासून ठाऊक होते. ही नोंद वाचताना फार वाईट वाटते.

१९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे आपल्याकडे बंदूक सहज मिळत नाही. आपली भीती दहशतवादी हल्ल्याची आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डची दारे लावून २० गर्भवतींना छोट्याशा पँट्रीत नेले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मुंबईत पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे या दलाचे केंद्र मुंबईत आले, राज्याचे फोर्स वन पथक उभे राहिले. आणि डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेत १३० हून अधिक मुले मारली गेल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने शाळांच्या सुरक्षेबाबत राज्यांना सूचना पाठवल्या.

मुंबई तर लांबच, कोल्हापूर पुण्यापासूनही सुमारे २३० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे इथे पहिल्यांदा पोहोचणार तो जवळच्या ठाण्याचा पोलीस, मग १०८ ची रुग्णवाहिका आणि पुढे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याआधीची मिनिटे शिक्षक आणि शिपायाच्याच हातात असतात. आपल्या शाळांना सराव आहे तो आगीचा: घंटा वाजली की रांगेने मैदानात. २०१८ मध्ये अमेरिकेतील पार्कलँडच्या शाळेत गोळीबारातील धुरळ्याने आगीची घंटा वाजली आणि मुले वर्ग सोडून व्हरांड्यात आली. म्हणून बाहेर पडण्याची आणि आत थांबण्याची खूण वेगवेगळी हवी, ती शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना पाठ हवी, आणि ठाण्यातील पोलिसांनी शाळेचे जिने, मागचे फाटक एकदा तरी स्वतः फिरून पाहिलेले हवे.