हानामी : नदीकाठचे साकुरादर्शन

साकुरा म्हणजे जपानी चेरी. वसंतात ती फुलली की झाडांखाली जमून खाणेपिणे, गाणी-गप्पा करण्याच्या जपानी प्रथेला हानामी म्हणतात. देवळांची आवारे, किल्ल्यांचे खंदक, डोंगरउतार अशा अनेक ठिकाणी हानामी होते, पण नदीच्या बांधावरचे तिचे रूप विशेष लोकप्रिय आहे. नदीकाठी साकुराच्या इतक्या लांबलचक रांगा कशा आल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुराच्या बंदोबस्तात सापडते.

फुलांचा सोहळा मुळात दरबारी होता. सम्राट सागा याने 812 मध्ये क्योतोच्या शिन्सेन-एन उद्यानात असा सोहळा केल्याची नोंद आहे. 1598 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने क्योतोच्या दाइगो-जी मंदिरात भरवलेली हानामी तिच्या थाटामुळे आजही सांगितली जाते. सामान्य माणसाच्या वाट्याला हा आनंद खऱ्या अर्थाने आला तो अठराव्या शतकातल्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. तिथे उएनोच्या कानेइ-जी मंदिराच्या परिसरात साकुरा भरपूर होती, पण ते शोगुन, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, घराण्याचे मंदिर असल्याने गाणे-बजावणे आणि मद्यपान यांना मज्जाव होता. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याने लोकांसाठी शहराच्या कडेला नव्या जागा तयार केल्या. आसुकायामा ही त्यांतली टेकडीवरची, तर सुमिदा नदीचा पूर्वेकडचा बांध ही पाण्याकाठची. सुमिदाकाठी 1717 मध्ये साकुराची शंभर झाडे लावली गेली आणि पुढे 1726 मध्ये साकुरा, पीच व वाळुंजाची आणखी भर पडली.

या लागवडीमागचे कारण परंपरेने असे सांगतात : हिवाळ्यातल्या गोठणाऱ्या थंडीने मातीचा बांध भुसभुशीत होतो आणि पावसाळा तर जूनमध्ये तोंडावर येतो. मधल्या काळात हजारो माणसे फुले पाहायला बांधावरून चालली की माती आपोआप चोपून बसते. धुम्मस न चालवता बांध पक्का करण्याची ही युक्ती राज्यकर्त्याच्या शहाणपणाची साक्ष आहे, आणि तिचा लाभ ज्यांना मिळायचा त्यांनीच ते काम हसत-खेळत केले. 1923 च्या भूकंपानंतर शहर नव्याने उभारताना या काठावर सुमिदा उद्यान आखण्यात आले. ते 1931 मध्ये खुले झाले. आज तिथे पायी फिरणाऱ्यांबरोबरच छपराच्या होड्यांतून, म्हणजे याकाताबुनेतून, फुले पाहणारेही दिसतात. पाण्याच्या बाजूला ऊन मोकळे मिळत असल्याने फांद्या नदीवर झुकतात, म्हणून होडीतून दिसणारा बहर काठावरून दिसणाऱ्या बहरापेक्षा भरगच्च वाटतो.

सुमिदाकाठच्या साकुरामोची या मिठाईचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. चोमेइ-जी मंदिराचा द्वारपाल यामामोतो शिन्रोकु याने बांधावर पडणारी साकुराची पाने मिठात मुरवून त्यांत गोड पुरणाची मोची गुंडाळली आणि 1717 पासून मंदिराच्या दारात ती विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. ते दुकान अजून त्याच परिसरात चालू आहे. मुरलेल्या पानातून कुमारिन या द्रव्याचा जो सुगंध सुटतो तो ताज्या पानाला जवळजवळ नसतोच.

इतर नद्या आणि कालव्यांच्या कहाण्याही वाचण्याजोग्या आहेत. एदोला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तामागावा कालव्यावर कोगानेई येथे 1737 च्या सुमारास रानसाकुरा लावली गेली. तिच्यामुळे पाणी शुद्ध राहते अशी त्या काळी समजूत होती. क्योतो प्रांतात किझु आणि उजी या नद्यांच्या मधोमध सेवारीतेई नावाचा बांध आहे. तिथे पूर्वी पाइनची रांग होती. ती किडीने गेल्यावर साकुरा आली, आणि आता सुमारे 1.4 किमी. लांबीचा फुलांचा बोगदा तयार झाला आहे. उत्तरेकडे काकुनोदातेच्या हिनोकिनाई नदीकाठची सुमारे दोन किमी.ची रांग 1934 मध्ये युवराज आकिहितो यांच्या जन्मानिमित्त लावलेली आहे.

आज नदीकाठी बहुतेक ठिकाणी दिसते ती सोमेइ योशिनो ही जात. एदोजवळच्या सोमेइ गावातल्या रोपवाटिकांतून ती एकोणिसाव्या शतकात पसरली. तिची झाडे कलमांनी वाढवतात, त्यामुळे सगळी एकाच गुणसूत्रांची असतात आणि एका परिसरात जवळपास एकदमच फुलतात. शिवाय पाने फुटण्याआधी फुले येत असल्याने फांदी निव्वळ गुलाबी-पांढरी दिसते. टोकियोचा हंगाम यासुकुनी देवस्थानातल्या एका नमुना-झाडावरून ठरतो. त्यावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. सरासरीने या तारखा 24 आणि 31 मार्च अशा येतात. 2025 मध्ये पूर्ण बहर 30 मार्चला जाहीर झाला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. टोकियोत एदोगावा भागातल्या निशी-कासाई परिसरात भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी कुटुंबेही आहेत. तिथे वसंत दोन्ही पंचांगांनी एकदम आला.

बांधावरच्या साकुराने समुद्रही ओलांडला. टोकियोच्या आराकावा नदीच्या बांधावर 1886 मध्ये नाना रंगांच्या अनेक जातींची लागवड झाली होती. टोकियोचे महापौर ओझाकी युकिओ यांनी अमेरिकेच्या राजधानीला, वॉशिंग्टनला, 1912 मध्ये 3,020 रोपे भेट दिली. त्यांची कलमे याच झाडांपासून बांधलेली होती. त्याआधी 1910 मध्ये पाठवलेली दोन हजार झाडे कीड आढळल्याने जाळावी लागली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आराकावाकाठची मूळ रांग खालावली, तेव्हा 1952 मध्ये वॉशिंग्टनच्या झाडांचे कलमासाठीचे डोळे परत टोकियोला आले आणि त्यांतून आराकावाची साकुरा पुन्हा उभी राहिली.

बांधाला मदत व्हावी म्हणून लावलेले झाड आजच्या अभियंत्याला मात्र चिंतेचे वाटते. मूळ कुजले की मातीत पोकळी राहते आणि पुराचे पाणी तिथून शिरते. म्हणून आता बांधाच्या गाभ्यात झाड लावत नाहीत. जमिनीकडच्या अंगाला जादा भराव घालून बांध रुंद करतात आणि त्या भरावावर साकुरा लावतात. युद्धानंतर लावलेल्या रांगा आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. फांद्यांवर झाडूसारखे झुपके आणणारा बुरशीजन्य रोग आणि खोड पोखरणारा लाल मानेचा परदेशी भुंगेरा यांनी त्यांना ग्रासले आहे. अनेक गावे जुने झाड पडल्यावर सोमेइ योशिनोऐवजी रोगाला कमी बळी पडणारी, थोडी आधी फुलणारी आणि अधिक गुलाबी जिंदाई-आकेबोनो लावू लागली आहेत. हा वाण अमेरिकेत तयार होऊन जपानला परतलेल्या साकुरेच्या कलमांतून टोकियोच्या जिंदाई वनस्पती उद्यानात हाती आला.