सहा मीटरवरचं अंतराळ

गेल्या महिन्यात फ्लोरिडाहून भाच्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. टेबलावर पाण्याचे ग्लास, बश्या, शेजारी त्याची लेक, आणि तिच्या मागे खिडकीभर पृथ्वी. निळी, ढगांचे पुंजके असलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीनं विचारलं, "अरे, किती वर गेलात तुम्ही?" भाचा म्हणाला, "मावशीआजी, एक इंचही नाही गं." एवढ्यात ग्रुपवरच्या एका काकांनी संधी साधली. "म्हणजे बघा! नासाचे व्हिडिओपण असेच बनवतात." काकांकडे नंतर वळू. मावशीचा प्रश्न जास्त चांगला आहे.

ही जागा म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कमधलं 'स्पेस 220' नावाचं रेस्टॉरंट. ते सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालं. नावातला 220 हा आकडा मैलांचा, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण 354 किलोमीटर. गोष्ट अशी रचलेली आहे की तुम्ही एका अंतराळ-लिफ्टमध्ये चढता, तिच्या जमिनीतल्या गोल खिडकीतून एपकॉट लहान लहान होत जाताना दिसतं, मग फ्लोरिडाचा किनारा, मग पृथ्वीची वक्र कड. दार उघडतं आणि तुम्ही अंतराळस्थानकातल्या जेवणघरात असता. तिथे मोठ्या खिडक्या आणि खिडक्यांपलीकडे पृथ्वी.

म्हणजे अर्थात पडदा. चांगला पडदा बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. काही मीटरवरच्या पडद्याला आपला डोळा 354 किलोमीटर दूर कसा काय समजतो?

डोळ्याच्या डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता वाचला असेल तर यातलं अर्धं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. तो तक्ता 6 मीटरवर असतो, खोली लहान असली तर आरसा लावून तेवढं अंतर केलं जातं. 'सहा बाय सहा' दृष्टी म्हणतात त्यातला पहिला सहा हाच. सहाच का? जवळचं बघायला डोळ्यातलं भिंग फुगावं लागतं, लांबचं बघताना ते चपटं राहतं. किती फुगावं लागेल ते डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि गणित अगदी सोपं आहे: एक भागिले अंतर मीटरमध्ये. पुस्तक 33 सेंटिमीटरवर असेल तर 3 डायॉप्टर. सहा मीटरसाठी एकषष्ठांश, म्हणजे सुमारे 0.17. चंद्रासाठी शून्य. आता चष्म्याचा नंबर आठवा. तो पाव-पाव डायॉप्टरनं वाढतो, कारण त्याहून बारीक फरक बहुतेकांना जाणवतच नाही. सहा मीटर आणि अनंत यांच्यातला फरक या पाव नंबराहूनही कमी आहे! भिंगाच्या दृष्टीनं भिंतीवरचा तक्ता आणि व्याधाचा तारा जवळजवळ एकाच ठिकाणी आहेत.

मुंबईच्या नेहरू तारांगणात लहानपणी मान मागे टाकून बसलेल्यांनी हे अनुभवलेलं आहे. दिवे मालवले की घुमट नाहीसा होतो. घुमट तिथेच असतो, फक्त तो तिथे आहे हे सांगायला डोळ्याकडे काही उरत नाही.

पण डोळे दोन आहेत आणि इथे मामला जरा गुंतागुंतीचा होतो. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा उड्या मारतो. दोन बाहुल्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक वस्तू दोन डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनात दिसते. तीन मीटरवरच्या वस्तूसाठी हा फरक सव्वा अंश, सहा मीटरवर त्याच्या निम्मा, आणि खऱ्या पृथ्वीसाठी तो अंतराळातून पाहताना शून्यच धरा. चांगल्या नजरेला अंशाचा शंभरावा भागही कळतो. मग रेस्टॉरंटातला पडदा समजा सहा मीटरवर असेल, तर तो पकडला जायला हवा की नको?

गंमत अशी की मेंदू ही मोजणी पट्टी लावून करत नाही, तुलनेनं करतो. अ ही वस्तू ब च्या मागे आहे, हे त्याला फार बारीक कळतं. पण एकटी अ नेमकी किती मीटरवर आहे, हे सांगायला तो कच्चा आहे. स्थानकाच्या खिडकीची जाड चौकट जवळ आणि पडदा तिच्या बराच मागे ठेवला की दोन डोळे इमानेइतबारे सांगतात, "चित्र चौकटीच्या मागे आहे." किती मागे? ते मेंदू चित्र वाचून ठरवतो. ढग आहेत, समुद्र आहे, वक्र कड आहे, म्हणजे शेकडो किलोमीटर. मधल्या जागेत एखादी कुंडी किंवा दिव्याचा खांब असता तर त्याच्या आधारानं हिशेब लागला असता. म्हणून मधे काही ठेवायचं नसतं. चौकटीचं दुसरं काम पडद्याच्या कडा झाकण्याचं. चित्राची कड दिसली की ते चित्र ठरतं, खिडकीची कड दिसली की मागे जग असतं. संगीत नाटकांच्या काळात पडदे रंगवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. राजवाड्याच्या पडद्यापुढे विंगांच्या कमानी उगाच उभ्या करत नसत.

उरले ठिपके आणि अंधार. साधारण डोळा अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो, म्हणजे सहा मीटरवर पावणेदोन मिलिमीटर. पडद्याचे ठिपके त्याहून बारीक असले की चित्र सलग दिसतं. अंधार मात्र खरोखर छळतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळ्या जागी तो प्रकाश टाकायचं थांबवतो एवढंच, आणि मग पडदा खोलीतल्या उजेडात जितका काळा दिसेल तितकंच तुमचं अवकाश काळं. स्वतः उजळणाऱ्या एलईडी भिंतीचं या बाबतीत बरं असतं, पण खोलीतला उजेड तिच्यावरही पडतोच. टेबलावर उजेड हवा, नाहीतर माणसं काय खातायत ते दिसणार नाही, आणि तोच उजेड पडद्यावर सांडायला नको. अशा ठिकाणी दिवे थेट टेबलावर रोखलेले आणि भिंती गडद असतात त्या यामुळे. आपल्याला तो फक्त थाट वाटतो.

लिफ्टची युक्ती वेगळी आणि जुनी आहे. कल्याणला आपली गाडी उभी असताना शेजारची सुटली की क्षणभर आपणच निघालो असं वाटतं. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं या जातीच्या भासाविषयी 1875 सालीच लिहिलं होतं. कानाच्या आत चुन्याच्या बारीक स्फटिकांचा एक थर असतो. वेग बदलला की तो मागे-पुढे सरकतो, पण वेग कायम असेल तर गप्प. त्यामुळे सुरुवातीला थोडं हादरवलं आणि मग खिडकीत जग खाली सरकताना दाखवलं, तर कान हरकत घेत नाही. याच पार्कात 1986 पासून समुद्रतळाशी नेण्याचा आव आणणाऱ्या लिफ्ट होत्या. त्या तशाच जागच्या जागी थरथरायच्या आणि बाहेरच्या कृत्रिम खडकांची भिंत वर सरकायची.

आता जरा खोडसाळपणा. समजा ही लिफ्ट खरोखर एका मिनिटात 354 किलोमीटर चढली, अर्धा वेळ वेग वाढवत आणि अर्धा वेळ कमी करत. मग मध्यावर तिचा वेग सेकंदाला 11.8 किलोमीटर होईल, म्हणजे पृथ्वीच्या मुक्तिवेगापेक्षाही, तिची ओढ कायमची सोडून जायला लागणाऱ्या वेगापेक्षाही, जास्त. त्वरण गुरुत्वाच्या चाळीसपट. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण जमिनीवर चपातीसारखे लाटले जाऊ आणि उरलेल्या अर्ध्यात छताला चिकटू. शिवाय एका जागेच्या वर कायम टांगून राहायचं तर 35,786 किलोमीटर उंची लागते, आणि तीही विषुववृत्तावर. फ्लोरिडा तर 28 अंश उत्तरेला. खऱ्या 354 किलोमीटरच्या कक्षेत स्थानक साधारण 92 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं. खालची जमीन सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं सरकते. मुंबईवरून पुणं सोळा-सतरा सेकंदांत. कोकण किनाऱ्यापासून गोंदियापर्यंतचा महाराष्ट्र दोन मिनिटांत संपला, तुमचं सूपही आलेलं नाही.

एवढ्या उंचीवरून पृथ्वीचा पूर्ण गोळाही दिसत नाही. क्षितिज सुमारे 2150 किलोमीटरवर असतं आणि पृथ्वी 143 अंश व्यापते, म्हणजे खाली बघाल तिकडे तीच. सगळा गोल एका खिडकीत मावायला फार लांब जावं लागतं.

आणि हो, प्रत्येक फेरीत स्थानक साधारणपणे पृथ्वीच्या सावलीतून जातं. सूर्य पृथ्वीआड जातो, म्हणजे एका अर्थी दिवसाला पंधरा-सोळा सूर्यग्रहणं. अंतराळवीर त्यात जेवतात, झोपतात, कामं करतात. ग्रहण लागलं म्हणून अन्नात तुळशीपत्र टाकत बसले तर वर तुळशीची शेतीच करावी लागेल.

आता काका. चंद्रावरच्या फोटोंत तारे नाहीत म्हणून ते फोटो खोटे, हा त्यांचा आवडता मुद्दा. खरं तर उलट आहे. उन्हात लख्ख उजळलेल्या पृष्ठभागाचा फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याची झडप इतका कमी वेळ उघडतात की अंधूक तारे उमटतच नाहीत. रात्री क्रिकेटच्या स्टेडियममध्ये फोटो काढा आणि त्यात तारे शोधा. उजळ पृथ्वी आणि खच्चून तारे एकाच चौकटीत दिसले, तर ते चित्रकारानं सजवलेलं आहे असं खुशाल समजावं. काकांनी यावर फुलांच्या चित्रासह "सुप्रभात" पाठवलं.

भाच्याला मात्र मी एक काम दिलंय. एसटीच्या खिडकीतून चंद्र आपल्याबरोबर धावतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फार दूरची वस्तू आपण चाललो तरी त्याच दिशेला राहते. सहा मीटरवरच्या पडद्यातली पृथ्वी तशी राहू शकत नाही. खिडकीला समांतर दोन मीटर चाललात की ती अठरा अंश मागे पडते. खुर्चीत बसलेल्याला हे कळत नाही, आणि आत शिरताना सगळ्यांचं लक्ष आपलं टेबल कुठलं याकडे असतं. पुढच्या वेळी जेवण झालं की मोबाईल छातीशी धरून खिडकीच्या कडेनं सरळ चालत जा म्हटलंय. मावशीनंही त्याला खाली लिहिलंय, "आणि लेकीला कडेवर घे, तिलापण दाखव पृथ्वी मागे राहते ती."