फोनवरचा डॉक्टर फुकटात पडतो?

‘ई-संजीवनी आली, आता उपचारांचा खर्चच मिटला’ असं कोकणात अजून ऐकू येतं. अर्धं खरं आहे. फोन-व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या या सरकारी सेवेत सल्ल्याची फी लागत नाही. पण खर्च मिटत नाही, तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

राजापुरातल्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला जायचं तर आजी एकटी जात नाही. दोघांचं एसटी भाडं, बाहेरचं जेवण आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. आंब्याच्या हंगामात तर ही मजुरीच सगळ्यात महाग. साखर-रक्तदाबाच्या फेरतपासणीसाठी हे सगळं वाचतं, आणि खरा फायदा तोच. मात्र डॉक्टरचा वेळ, उपकेंद्रातली माणसं, इंटरनेट, पावसाळ्यात वीज गेल्यावरची बॅटरी यांचा भार सरकारी तिजोरीवर पडतो. रेंज शोधत सड्यावर चढणं कुठल्याच हिशेबात धरत नाहीत, ते वेगळंच!

शिवाय काही गोष्टी पडद्यावर होत नाहीत. पोटावर हात ठेवून बघणं, रक्त काढणं. मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार नशा आणणारी औषधं अशी लिहून देता येत नाहीत. फोनवर ‘प्रत्यक्ष दाखवा’ म्हटलं की एसटीचा खर्च उभाच. विंचू-साप चावल्यावर तर फोनवर वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, पण ती गोळीही वेळेत पोटात जावी लागते.