सेवाविषयक वादांतील कायदेशीर साहाय्य (नाशिक)

शासकीय कर्मचाऱ्यांना निलंबन, बदली, ज्येष्ठता, पदोन्नती, विभागीय चौकशी व निवृत्तिवेतन यांसंबंधीच्या वादांत मिळणारे वकिली व इतर साहाय्य. नाशिक हे पाच जिल्ह्यांच्या महसुली विभागाचे मुख्यालय असून आदिवासी विकास आयुक्तालय, महाराष्ट्र पोलीस अकादमी व मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्थाही येथे आहे. राज्य कर्मचाऱ्यांचे असे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे (मॅट) पीठ मात्र येथे नाही. जिल्ह्यातील राज्य कर्मचाऱ्यांचे मूळ अर्ज (मॅटपुढे वाद मांडणारे अर्ज) मुंबईच्या मुख्य पीठापुढे चालतात.

राज्यघटनेतील अनुच्छेद ३२३-अ (१९७६) व प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ हा मॅटचा आधार. प्रत्यक्ष स्थापना १९९१ ची. न्यायाधिकरण उच्च न्यायालयाला पर्यायी की दुय्यम, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. संपत कुमार खटल्यात ते पर्यायी मानले गेले, एल. चंद्र कुमार खटल्यात (१९९७) सात न्यायमूर्तींच्या पीठाने उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित ठरवला. त्यामुळे कर्मचाऱ्याने प्रथम मॅटकडे जावे व नंतर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, असा क्रम आहे.

चौकशीतील साहाय्य : कर्मचाऱ्याचे भवितव्य बहुधा मॅटपूर्वीच, चौकशी अधिकाऱ्यापुढे ठरते. तेथे नोंदला न गेलेला आक्षेप किंवा न घेतलेली उलटतपासणी पुढे भरून काढणे अवघड असते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ नुसार अपचारी (आरोप असलेला) कर्मचारी दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्यास बचाव सहायक म्हणून घेऊ शकतो. सादरकर्ता अधिकारी (विभागाच्या वतीने आरोप मांडणारा) स्वतः विधिव्यवसायी असेल किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने (शिक्षेचा अधिकार असलेल्या वरिष्ठाने) परवानगी दिली असेल, तरच वकील नेमता येतो. या मर्यादेबाबत न्यायनिर्णयांचा सूर एकसारखा नाही. कालिंदी (१९६०) व क्रेसेंट डाइज (१९९३) या खटल्यांत, औद्योगिक कामगारांच्या संदर्भात, पसंतीच्या प्रतिनिधीचा निरपवाद हक्क नाकारला गेला. मुंबई बंदर विश्वस्त वि. नाडकर्णी (१९८३) मध्ये मात्र, व्यवस्थापनाच्या बाजूने कायद्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असताना कर्मचाऱ्यास वकील नाकारणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवले गेले. हे निर्णय परस्परविरोधी मानण्यापेक्षा नाडकर्णी निर्णय हा आधीच्या दोन निर्णयांतील तत्त्वाला घातलेला अपवाद मानणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हणून वकिलाच्या परवानगीचा अर्ज लेखी व सकारण असावा, आणि नकारही लेखी मागावा.

मुदत : साधारणतः विभागांतर्गत अपील आधी करावे लागते. त्यावर सहा महिन्यांत निर्णय न आल्यास मॅटकडे जाता येते. अर्जाची मुदत अंतिम आदेशापासून, किंवा हे सहा महिने संपल्यापासून, एक वर्ष. वारंवार निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड खटल्यात (१९८९) स्पष्ट झाले. तरीही ‘निवेदन दिले आहे’ या भरवशावर वर्ष उलटू देणारे अनेक असतात. पुढे विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसे कारण दाखवावे लागते. बदलीच्या प्रकरणांत घाई अधिक लागते. २००५ च्या बदली अधिनियमानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षे व बदल्यांचा काळ एप्रिल-मे आहे. मुदतपूर्व बदलीस लेखी कारणे आवश्यक असतात. कार्यमुक्त होण्यापूर्वी अंतरिम आदेश मागितला नाही तर अर्जाचा उपयोग कमी होतो.

इतर मंच : जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत नाहीत; त्यांच्या शिस्तविषयक प्रकरणांसाठी १९६४ चे स्वतंत्र नियम असून पुढे उच्च न्यायालय. खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ च्या अधिनियमाखालील शाळा न्यायाधिकरण. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे (कॅट) मुंबई पीठ.

मोफत साहाय्य : मॅटपुढे कर्मचारी स्वतः बाजू मांडू शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व दिव्यांग यांना, प्रथमदर्शनी दावा असल्यास, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. या अधिनियमातील ‘न्यायालय’ या संज्ञेत न्यायाधिकरणेही येतात. पगारदारांना हे साहाय्य नसते ही समजूत चुकीची आहे; नाशिकमध्ये यासाठी विचारणा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.